समुद्राच्या तळाशी गोडे पाणी

आमच्या पिढीत पोहता येणारे फार थोडे. नोकरीनिमित्त बहरीनमध्ये स्थिरावलेल्या आम्हा नऊ कुटुंबांत मोजून पाहिले तर अठरा प्रौढांपैकी केवळ तिघांना पोहता येते, आणि त्यांतील दोघे महाविद्यालयाच्या तरणतलावात, विशी ओलांडल्यावर शिकलेले. मराठी ललित वाङ्मयात पाठीला भोपळा बांधून विहिरीत उडी घेणारी पोरे जागोजाग भेटतात. आम्ही ती वर्णने शाळेत वाचली, त्यांवर निबंध लिहिले, गुणही मिळवले. परंतु आमच्या वडिलांपैकी एकही जण अशा विहिरीत कधी उतरला नव्हता. विहीर होती, पोरे होती, उन्हाळाही तोच होता. काठाशी जाण्याची मुभा नव्हती. आमच्या घरांत पोहता न येणे हा स्वभावाचाच भाग समजला जातो. “आपल्याला पाण्याची भीतीच वाटते,” असे आया सांगतात, आणि ही भीती आली कुठून, हे सहसा कोणी विचारीत नाही.

हा विषय निघाला तो एका मित्रामुळे. अभियांत्रिकीला आमच्याबरोबर असलेला हा मित्र आता अमेरिकेत फ्लोरिडात असतो. तिथे जिनी स्प्रिंग्ज नावाचे झरे आहेत. चुनखडीच्या खडकातून उसळणारे गोडे पाणी, बारमाही सुमारे २२ अंश तापमानाचे आणि काचेसारखे नितळ. झऱ्याच्या मुखातून आत गेले की पाण्याने भरलेल्या गुहा लागतात, आणि प्रशिक्षित पाणबुडे त्या गुहांत शिरतात. या मित्राने तो अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आम्हांला त्याचे नियम कौतुकाने लिहून पाठवले. मुखापासून एक दोरी अखंड सोडत न्यायची, कारण तळाचा गाळ एकदा उसळला की दिवा असूनही हात दिसत नाही. टाकीतील एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परत येण्यासाठी, आणि उरलेली एक तृतीयांश अडचणीसाठी राखायची. डोक्यावर खडक असल्यामुळे घाबरून सरळ वर येण्याची सोय नसते. शेवटी त्याने विचारले होते : “तुम्ही तर दोन समुद्रांच्या देशात राहता. तुमच्याकडे झरे नाहीत का?”

आम्ही शोध घेऊ लागलो.

बहरीन या अरबी शब्दाचा अर्थ ‘दोन समुद्र’. त्याचे अर्थ अनेक परींनी लावले जातात. त्यांतील एक असा की, एक समुद्र खाऱ्या पाण्याचा आणि दुसरा त्याच्या खाली असलेला गोड्या पाण्याचा. हे कविकल्पनेसारखे वाटते, पण भूगर्भशास्त्राला ते फारसे अमान्य नाही. या बेटावर वर्षाकाठी जेमतेम ८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या कोकणात आषाढातला एखादा दिवस तेवढा बरसून जातो. असे असूनही बहरीनमध्ये हजारो वर्षे खजुराच्या बागा डोलत होत्या, त्या या पावसावर नव्हेत. अरबस्तानाची भूमी आजच्याहून ओली होती त्या काळात तिथे पडलेला पाऊस चुनखडीच्या थरांत मुरला आणि अत्यंत संथपणे पूर्वेकडे सरकत राहिला. या थराला ‘दम्माम’ म्हणतात. वरून घट्ट खडकाचे झाकण, आत दाब. जिथे भेग सापडली तिथे पाणी वर उसळले. काही भेगा जमिनीवर होत्या, काही समुद्राच्या तळाशी. समुद्रतळाच्या झऱ्याला इथले लोक ‘कौकब’ म्हणत आले आहेत. कौकब म्हणजे तारा. रात्रीच्या गडद पाण्यात ज्याला हे नाव प्रथम सुचले असेल, त्याला आमचा जयभीम.

आमच्या कार्यालयातील एका बहरीनी सहकाऱ्याचे पणजोबा मोत्यांच्या होडीवर होते. घरात ऐकलेल्या गोष्टी त्याने आम्हांला सांगितल्या. मोत्यांचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचे सुमारे चार महिने चाले आणि होड्या शिंपल्यांच्या वाळवंटांवर, म्हणजे ‘हैर’वर, आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत. होडीवर साठवलेले पाणी संपले की किनारा गाठण्याऐवजी ओळखीच्या कौकबवर जायचे. एक जण रिकामी कातडी मशक घेऊन तळाशी उतरायचा, झऱ्याच्या तोंडावर मशकीचे तोंड धरायचा, ती फुगली की घट्ट आवळून वर यायचा. चहूकडे खारा समुद्र, आणि मशकीत पिण्याचे पाणी. उथळ जागी झऱ्याच्या तोंडावर पोकळ नळी रोवून पाणी थेट वर घेण्याचीही रीत होती. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्यामुळे ते वर चढते, आणि दोन्ही जिथे मिसळतात तिथे तापलेल्या डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखी नजर थरथरते. जाणता पाणबुड्या त्या थरथरीवरूनच झरा ओळखत असे.

त्याच सहकाऱ्याने दुसरी गोष्टही सांगितली आणि ती आम्हांला अधिक जवळची वाटली. पाणबुड्याला इथे ‘घैस’ म्हणत आणि दोरी ओढून त्याला वर घेणाऱ्याला ‘सैब’. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात शिंपल्यांची जाळी. दिवसभरात अशा कितीतरी बुड्या. होडीचा मालक वा म्होरक्या तो ‘नाखुदा’. आपल्या कोळीवाड्यांतला ‘नाखवा’ याच शब्दाचा भाऊ. हंगामापूर्वी नाखुदा पाणबुड्याला घरखर्चासाठी आगाऊ रक्कम देई. हंगामाअखेर हिशेब झाला की बहुधा पाणबुड्याकडेच बाकी निघे आणि पुढच्या वर्षी त्याच होडीवर जाणे भाग पडे. बाप मेला तर कर्ज मुलाच्या माथी. हे ऐकताना आमच्यातील बीडच्या मित्राच्या तोंडून एकच शब्द निघाला : “उचल!” ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची उचल, सालगड्याची उचल आणि बहरीनच्या पाणबुड्याची उचल यांत समुद्राखेरीज फरक नाही. १९२०च्या दशकात इथल्या राज्यकर्त्यांनी पाणबुड्यांना हिशेबाच्या वह्या देण्याची सक्ती केली, १९३२ साली पाणबुड्यांची दंगलही झाली. हे मोती मुंबईच्या बाजारात येत, तिथे त्यांची प्रतवारी होई, आणि बहरीनचे चलनही १९६५ पर्यंत रुपयाच होते. म्हणजे या कर्जाचे आकडे आपल्याच रुपयांत मांडलेले होते. पुढे जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने हा धंदा बुडवला, आणि १९३२ सालीच जबल दुखानच्या पायथ्याशी तेल लागले.

तेलाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्याआधी पाणी लागले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. फ्रँक होम्स नावाच्या न्यूझीलंडच्या अभियंत्याने इथे पाण्याच्या विंधनविहिरी खोदून दिल्या आणि १९२५ साली त्याला तेलाचा परवाना मिळाला. पुढे विंधनविहिरी वाढल्या, त्यांवर पंप बसले, शेते, वस्त्या, कारखाने वाढले. हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचे पाणी एका शतकाच्या आत उपसले गेले. खडकातील दाब उतरला, झरे मंदावले, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक आटले, आणि गोड्या थरात समुद्र शिरू लागला. आज आमच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचेच, क्षार काढून शुद्ध केलेले असते. मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला मिळाले ते असे : झरे होते.

तरीही जागा पाहाव्यात म्हणून आम्ही निघालो. प्रथम अधारी. मनामाच्या दक्षिणेला असलेला हा एकेकाळचा सर्वांत नामांकित झरा. आज तिथे करमणुकीचे उद्यान आहे, पाळणे आहेत, मुलांसाठी बर्फगोळा मिळतो. जुन्या कुंडाच्या जागी तलावही राखला आहे, परंतु त्यात पाणी सोडावे लागते. या झऱ्यावरून बहरीनमध्ये एक म्हण पडली आहे : अधारीसारखा, जवळच्याला तहानलेला ठेवून दूरच्याला पाजणारा. झऱ्याचे पाणी पाटाने लांबच्या बागांना जाई आणि काठावरची जमीन कोरडीच राही, त्यावरून ही म्हण.

म्हणीचा अर्थ कळताच आमच्यात तिथेच, तलावाकाठी, वाद जुंपला. आमचे मंडळ दरमहा वर्गणी काढून गावाकडच्या दोन अभ्यासिकांना पाठवते. एका मित्राचे म्हणणे पडले की, इथे कामगारांच्या छावण्यांत मराठवाड्याची, विदर्भाची आपलीच मुले एका खोलीत आठ-आठ जण राहतात. त्यांच्यासाठी आपण काय करतो? आपण अधारीच नव्हे काय? दुसऱ्याने अभियंत्याला शोभेल असे उत्तर दिले : पाणी उताराने जाते, काठची जमीन उंचावर असेल तर त्यात झऱ्याचा दोष नाही. त्यावर पहिला म्हणाला, “मग मोट लावा.” हा वाद अद्याप मिटलेला नाही. तो मिटू नये असेच आमच्यातील काहींना वाटते.

तिथून आम्ही उत्तरेकडे दिराझला गेलो. तिथे उम्म-अस-सुजूर नावाची जागा आहे. १९५४ साली डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केले तेव्हा दगडी पायऱ्यांनी खाली उतरणारी एक लहानशी विहीर आणि गुडघे टेकून बसलेल्या, डोकी नसलेल्या दोन प्राण्यांच्या मूर्ती सापडल्या. त्याच मोहिमेने जवळच बारबारचे मंदिर उजेडात आणले. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे, एकावर एक तीन वेळा बांधलेले. त्याच्या पश्चिमेला जिना आहे आणि तो झऱ्यावर बांधलेल्या कुंडाशी उतरतो. हे मंदिर एन्की या देवतेचे असावे असे अभ्यासक मानतात. सुमेरी पुराकथेत बहरीनचे नाव दिलमून. त्या दिलमूनला आरंभी गोडे पाणी नव्हते. एन्कीच्या आज्ञेने ते जमिनीतून वर आले. आपण बुद्धाचे अनुयायी, देवतेच्या आज्ञेने पाणी येते असे मानणारे नव्हे. पण चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या बेटाचे सर्वांत मोठे नवल नेमके ओळखले होते, एवढे मान्य करण्यात काही हरकत नसावी.

त्या दिवशी आमच्याबरोबर आमच्या एका मैत्रिणीच्या सासूबाई होत्या. वय ७१, परभणी जिल्ह्यातल्या, तीन महिन्यांसाठी आलेल्या. आम्ही सारे त्यांना आजी म्हणतो. १९७२च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे. मंदिराचे अवशेष त्यांनी फारसे पाहिले नाहीत. जिना दिसताच त्या तिथेच थांबल्या.

“खाली कोण उतरायचं गं?” त्यांनी सुनेला विचारले.

“पुजारी उतरत असतील, आई.”

“आन् बाकीचे?”

कोणी काही बोलले नाही. मग आजींनीच सांगितले. त्यांच्या माहेरी बारव होती, अशाच दगडी पायऱ्यांची. सकाळी घागरी घेऊन वरच्या पायरीच्याही अलीकडे उभे राहायचे. पाणी भरायला आलेल्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून ओतायची, घागरीला घागर लागू न देता. “कधी एका घागरीला दुपार व्हायची. कधी तशीच रिकामी घेऊन परत.” पुढे आपल्या वस्तीने स्वतंत्र आड खोदला, तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील. आडाला पाणी लागले त्या रात्री त्यांच्या वडिलांनी झोप घेतली नाही, एवढे त्यांना आठवते.

हे सारे आमच्या परिचयाचे होते. आपल्यापैकी कोणाच्या घरात ही गोष्ट नाही? परंतु आजींच्या अकरा वर्षांच्या नातीने जो प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कोणाला कधी सुचला नव्हता.

“मग आजी, तुम्ही पोहायचात कुठे?”

आजी खूप हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “अगं, प्यायला नव्हतं.”

परतीच्या वाटेवर गाडीत महाडचा विषय निघणे साहजिक होते. २० मार्च १९२७ आपल्या मुलांना पाठ असतो. त्यानंतर काय झाले ते बहुधा माहीत नसते, म्हणून थोडे सांगतो. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले होते. बाबासाहेबांनी मागितले ते कागदावर आधीच मिळालेले होते. तरीही तळे शेणा-गोमूत्राने ‘शुद्ध’ केले गेले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि विरोधक दिवाणी न्यायालयात गेले. तळे खासगी आहे, आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही. जी गोष्ट सारे गाव सनातन म्हणून सांगत होते, तिच्या वयाचा दाखला न्यायालयात कोणालाही देता आला नाही.

याच डिसेंबर १९२७च्या परिषदेत बाबासाहेबांनी एक मुद्दा मांडला होता, आणि बहरीनच्या संदर्भात तो आम्हांला वारंवार आठवतो. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने कोणी अमर होणार नाही; ते न पिताही आपण आजवर जगलो आहोत; तिथे जायचे ते इतरांसारखी आपणही माणसेच आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी, असा त्याचा आशय. गिल्गमेशच्या प्राचीन कथेतला राजा मात्र अमरत्वाच्याच शोधात निघतो. पायांना दगड बांधून तो भूमीखालच्या गोड्या पाण्यात बुडी घेतो आणि तळाची तारुण्यदायी वनस्पती खुडून आणतो. पुढे वाटेत एक साप ती खाऊन टाकतो. पायाला दगड बांधून उतरणे ही नेमकी इथल्या घैसांची रीत, म्हणून काही संशोधकांना या कथेत बहरीनच्या पाणबुड्यांची सावली दिसते. राजाला तळाशी जाण्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, हे आमच्या ध्यानात आले. घैसाला कर्जापायी जावे लागे. आणि आजींना पहिली पायरीही मिळाली नाही.

त्या प्रश्नानंतर नात स्वस्थ बसेना. पाणबुडीचा बालवर्गाचा अभ्यासक्रम दहाव्या वर्षापासून करता येतो, हे तिनेच शोधून काढले. घरात आठवडाभर चर्चा झाली. मुलीला कशाला, खर्च किती, कानाला दडा बसतो, त्वचा काळवंडते. हा शेवटचा आक्षेप आपल्याच घरात ऐकून आम्हांला विशेष वाईट वाटले. अखेर आमच्यातील दोघे आणि ही मुलगी असे तिघे शिकले. मुलगी सर्वांत आधी शिकली. मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढण्याचा धडा मोठ्यांना चार दिवस जमला नाही, तिला पहिल्याच दिवशी जमला.

प्रशिक्षकाला आम्ही झऱ्याच्या गुहेबद्दल विचारले. त्याने मान हलवली. बहरीनमध्ये बुडी मारायला लोक येतात ते शिंपल्यांच्या हैरांवर, आणि २०१९ साली मुद्दाम बुडवलेले बोइंग ७४७ विमान पाहायला. तथापि त्याच्या ओळखीच्या एका वृद्ध होडीवाल्याला एका जुन्या कौकबची जागा ठाऊक होती. मार्चमधल्या एका सकाळी त्याने आम्हांला मुहर्रकच्या उत्तरेला नेले. खोली फार नव्हती. तळाशी वाळू, थोडे दगड, त्यांवर शेवाळ आणि एक लहानसा खळगा. त्या खळग्यावर आम्ही हात धरून पाहिला, नजरेला थरथर जाणवते का ते पाहिले. काही नव्हते. मुलगी मात्र तिथून हलेना. खळग्याच्या काठाशी, वाळूवर पोट टेकवून, ती आत पाहत राहिली. हवेचा काटा उतरू लागला तेव्हा प्रशिक्षकाने खूण करून तिला वर आणले.

होडीवर आजी होत्या. समुद्रावर येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून त्या बसल्या होत्या.

“लागलं का गोडं पाणी?”

“नाही आजी. पण जागा आहे.”

यंदाच्या २० मार्चच्या कार्यक्रमात नेहमीची भाषणे झाली, बुद्धवंदना झाली, आणि नंतर एक ठराव मांडला गेला की मंडळाने दर शुक्रवारी एक तरणतलाव भाड्याने घ्यावा. एका ज्येष्ठ सदस्यांनी आक्षेप घेतला की, चवदार तळ्याच्या दिवशी पोहण्याच्या वर्गाची भाषा म्हणजे त्या दिवसाचे गांभीर्य घालवणे होय. त्यांचा आदर राखूनही ठराव बहुमताने संमत झाला. शुक्रवार निवडण्याचे कारण छावणीतील मुलांना त्याच दिवशी सुट्टी असते. अधारीच्या काठावर भांडलेल्या मित्रानेच छावणीत जाऊन नावे आणली. आतापर्यंत अकरा मुले, पाच आया, छावणीतील सात जण, आणि यादीच्या शेवटी आजी.

नाव देण्यापूर्वी त्यांनी चौकशी केली होती, पाणी किती खोल असते म्हणून. छातीइतके, असे आम्ही सांगितले.

“कुणाच्या छातीइतकं?” त्यांनी विचारले.

आजींची उंची चार फूट दहा इंच आहे. आम्हांला तलावावर जाऊन मोजून यावे लागले.